आपला तो फीच्यो

विहीणबाई,

तुमच्या तेराव्याला माणसं खूप आली. मी बायकांच्या घोळक्यात बसले होते, तर तुमच्या शेजारच्या हौसाबाई माझ्याजवळ सरकल्या आणि हळूच म्हणाल्या की, शालन रोज सकाळी म्हशीच्या कानात एक मंत्र म्हणायची, तो तुम्हालाही येतो असं ऐकलंय, तर जाताना तेवढा सांगून जा. ती गेल्यापासून म्हैस दूध चोरायला लागलीय. मी विचारलं, कसला मंत्र? त्यांनी डोळे मिटून, आठवून आठवून सांगितलं, "बोनान मातेनोन."

मला हसू आवरेना. तेराव्याच्या मांडवात विहिणीनं हसायचं म्हणजे काय! मी पदर तोंडाला लावला आणि मान खाली घातली. खांदे हलत होते ते बघून बायकांना वाटलं, मला हुंदका आलाय. कुणीतरी पाठीवरून हात फिरवला, कुणीतरी पाणी आणून दिलं. त्याचा अर्थ नुसता 'शुभ सकाळ' असा आहे हे हौसाबाईंना सांगितलं असतं तर बिचाऱ्यांची निराशा झाली असती. म्हणून मी तो त्यांच्याकडून दोनतीनदा नीट म्हणवून घेतला. आज मी सांगलीला परतले तोच तुमच्या अमरचा फोन आला. म्हैस पान्हावतेय म्हणे.

तुम्ही असता तर हे सांगायला पहिला फोन तुम्हालाच केला असता. आता तो कुणाला करायचा ते कळत नाही, म्हणून लिहायला बसले.

आपलं नातं खरं तर जपून बोलायचं. मुलाची आई आणि मुलीची आई. लग्नाच्या याद्या झाल्या, मानपान झाले, त्यानंतर तुमच्याकडून कोरेगावचा वाघ्या घेवडा यायचा आणि आमच्याकडून सांगलीची हळद जायची. ह्यांचा हळदीचाच व्यापार, त्यामुळे त्यात काही कमी पडायचं नाही. पण बोलणं? "बऱ्या हायसा न्हवं?" "हो, तुम्ही?" एवढ्यावर संपायचं. मी मुलींच्या शाळेत मराठी शिकवण्यात हयात घालवलेली, तुम्ही उसाच्या रानात आणि सुभेदारांच्या पत्रांची वाट बघण्यात. मला वाटायचं, ह्या आपल्याला शिष्ट समजत असतील. तुम्हाला काय वाटायचं ते तुम्ही पुढे सांगितलंत. तुम्हाला वाटायचं, ही बाई मनातल्या मनात माझं शुद्धलेखन तपासते.

आणि मग करोनात घरात कोंडून बसायचे ते दिवस आले. तेव्हा एक दिवस तुमचा फोन आला. ना सण, ना कुणाचं दुखणंखुपणं. तुम्ही सरळ म्हणालात, "विहीणबाई, मला एक जोडीदारीण पायजे. बोलायला समोर मानूस लागतंय."

मोबाईलवर तुम्ही इंग्रजी शिकायला गेला होतात. भाषांची यादी खाली सरकवता सरकवता एक हिरवी चांदणी दिसली आणि खाली नाव, एस्पेरांतो. हा कुठला देश म्हणून शोधलं, तर देशच नाही. कुणीतरी बसून तयार केलेली भाषा, साऱ्या जगातल्या माणसांनी एकमेकांशी बोलावं म्हणून. मला ते ऐकून खुळचटपणा वाटला. मराठी शिकवून शिकवून मी दमले होते. मुलींना ऱ्हस्व-दीर्घ कळेना आणि ह्या बाई बिनदेशाची भाषा शिकायला निघाल्या. मी म्हणाले, त्यापेक्षा इंग्रजीच पुरं करा की. तुमचं उत्तर मला अजून जसंच्या तसं आठवतं.

"इंग्लिश बोलाय गेलं की समोरचा माज्या चुकाच बघतोय. ही भाषा कुनाच्याच आईची न्हाई. समदी पावनीच. पावन्याला कोन हसतंय?"

सुभेदार व्याही फौजेत असताना सगळा देश फिरले. पंजाबी बोलायचे, नेपाळी गाणी म्हणायचे. तुम्ही कोरेगाव आणि फार तर साताऱ्याची बाजारपेठ. ते रजेवर आले की त्यांच्या तोंडच्या परक्या शब्दांकडे तुम्ही दुकानातल्या खणांकडे बघावं तसं बघत असाल, असं मला नंतर वाटलं. मी हो म्हणाले. म्हटलं, दोन आठवडे करू, कंटाळतील.

कंटाळलात तुम्ही नाहीच. मीही नाही.

व्याकरण मला पटकन जमायचं, बोलायला मात्र तोंड उघडायचं नाही. तुमचं उलटं. चार शब्द आले की तुम्ही त्यात चाळीस वाक्यं बोलणार. त्या भाषेत कुठल्याही शब्दाला पुढे 'माल' लावलं की अर्थ उलटा होतो, हे कळल्यावर तर तुम्हाला कुबेराचा खजिनाच सापडला. बोना म्हणजे चांगला, मालबोना म्हणजे वाईट. युना म्हणजे तरुण आणि मालयुना म्हणजे म्हातारा. हे वाचून तुम्ही मला मुद्दाम फोन केलात. "बगा, म्हातारी म्हनत न्हाईत. नुसती तरुन न्हाई, एवढंच म्हनत्यात. भाषा करनारा भला मानूस आसनार."

पुढे आपण त्या शनिवारच्या मंडळात दाखल झालो. जगभरची आठदहा माणसं मोबाईलच्या चौकटीत यायची. ब्राझीलची एडना ही त्यातली आपली शिक्षिका, आपल्याच वयाची, भूगोल शिकवून निवृत्त झालेली. तिच्याकडे सकाळ असायची आणि आपल्याकडे संध्याकाळ. तिच्या मागे एक पोपट असायचा, त्याचा तुम्हाला फार लळा. जपानचे एक आजोबा होते, पोस्टातून निवृत्त झालेले, जे बोलण्याआधी वाकून नमस्कार करायचे आणि मग त्यांचं फक्त टक्कल दिसायचं. मंडळाचा एकच नियम. तिथे आपापल्या घरची भाषा बोलायची नाही. बोललात तर तुम्ही मगर झालात. खरंच त्या लोकांत तसा शब्द आहे, क्रोकोदीली, मगरीसारखं वागणं. तुम्ही एडनाला सांगितलंत की आमच्या विहीणबाईंच्या सांगलीला कृष्णेत खऱ्या मगरी आहेत, पूर आला की रस्त्यावर येतात. तेव्हापासून ती दर शनिवारी मला विचारायची, आज नदीत किती?

एका शनिवारी एडनानं काम दिलं. प्रत्येकानं आपल्या घरची एक जुनी म्हण आणायची, एस्पेरांतोत घालायची. सगळ्यांच्या म्हणींची मिळून एक छोटी पुस्तिका काढायची होती.

मी लगेच डोक्यात भारदस्त म्हणी जमवायला लागले. तुम्ही मात्र फोनवर क्षणभरही न थांबता म्हणालात, "आपला तो बाब्या, लोकाचं ते कार्टं."

दोन विहिणींनी ही म्हण निवडायची! आपण दोघी इतक्या हसलो की, ह्यांनी हिशेब सोडून आत येऊन बघितलं. मग कामाला लागलो. आणि काय सांगू, ती म्हण त्या भाषेसाठीच केल्यासारखी निघाली. तिथे लाडानं हाक मारायची एक वेगळी शेपटी आहे. फीलो म्हणजे मुलगा. लाडका झाला की फीच्यो. आणि तिरस्कार करायचा तर दुसरी शेपटी. तोच फीलो, नकोसा झाला की फिलाचो. एकाच मुलाची दोन रूपं, बाब्या आणि कार्टं. म्हण तयारच झाली. "निआ एस्तास फीच्यो, नाय्बारा एस्तास फिलाचो." आपला तो फीच्यो, शेजाऱ्याचा तो फिलाचो.

तुम्ही म्हणालात, झालं. मी म्हटलं, कुठं झालं? खरी गंमत तर राहूनच गेली. आपल्या म्हणीत आपला 'तो' असतो आणि लोकाचं 'ते' असतं. शेजाऱ्याच्या पोराला माणसातून उठवून नपुंसकलिंगात टाकलंय, सगळा डंख त्या 'ते'मध्ये आहे. त्या भाषेत वस्तूला, जनावराला जो शब्द वापरतात तो इथे आलाच पाहिजे. तो शब्द म्हणजे 'जी'.

तुम्ही ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "आवं, जी? आमच्या सुभेदारांनी साऱ्या जन्मात सायबाला जी-जी केलं. तुमी लोकाच्या कार्ट्याला जी म्हनून बोलवायचं म्हनता?"

तिथून जे सुरू झालं ते अखेरपर्यंत मिटलं नाही. मी सांगायची, भाषांतर म्हणजे मूळ शब्दाशी इमान. तुम्ही सांगायचात की म्हण ऐकणाऱ्यासाठी असते. ऐकून लगेच हसू आलं नाही तर ती म्हण कसली, तो नुसता धडा. मी शाळेतली उदाहरणं द्यायची, तुम्ही तुमच्या जावेची. एकदा तर तुम्ही भर दुपारी उसाच्या बांधावरून फोन केलात, मागे पंपाचा आवाज, आणि म्हणालात की, रात्रभर विचार करून तुम्हाला माझं म्हणणं पटलंय, पण तरीही ते चूकच आहे.

आणि मग ते झालं.

अमरनं नोकरी सोडली. पुण्यातली चांगली कंपनी सोडून कोरेगावात येऊन आल्याची रोपवाटिका करायची त्याची किती दिवसांची इच्छा होती. त्यात वावगं काही नव्हतं. पण राजीनामा दिला तो केतकीला न सांगता, आणि तिला कळलं ते त्याच्या मित्राच्या बायकोकडून. दुसऱ्या दिवशी ती सांगलीला आली, बॅग घेऊन. दारात म्हणाली, "आई, मी काही दिवस इथेच आहे," आणि आतल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

तुमचा फोन संध्याकाळी आला. दोघींचेही आवाज बदललेले होते. मी म्हटलं की, बायकोला न विचारता असलं पाऊल उचलणारा माणूस उद्या घर विकेल. तुम्ही म्हटलंत की, नवऱ्यानं आपल्या मनानं काही केलं म्हणून आमच्या वेळच्या बायका बॅग उचलत नव्हत्या. मी शिकलेल्या मुलीचा विषय काढला, तुम्ही आईनं लाडावलेल्या मुलीचा. शेवटी तुम्ही म्हणालात, "आमचा आमर तसा न्हाई." आणि मी म्हटलं, "आमची केतकीही तशी नाही." फोन कुणी आधी ठेवला ते आठवत नाही. पण ठेवल्यावर मला लख्ख कळलं की, ज्या म्हणीवर आपण इतके दिवस हसत होतो ती आत्ताच आपण दोघींनी तोंडानं म्हटली. आणि आता मुळीच हसू येत नव्हतं.

त्यानंतर कोरेगावचा फोन नाही की सांगलीचा. केतकी जेवायला बसायची आणि ताटात बोटं फिरवून उठायची. ह्यांनी एकदा सुचवलं, शालनताईंशी बोलून बघ. मी म्हटलं, त्यांनी बोलावं, त्यांचा मुलगा चुकलाय. तिकडे तुम्हीही असंच काहीतरी म्हणत होतात, हे मला पुढे अमरनं सांगितलं.

शनिवार आला. मला वाटलं, तुम्ही येणार नाही. तुम्हाला वाटलं, मी येणार नाही. म्हणूनच आपण दोघी आलो. चौकटीत तुमचा चेहरा दिसला, डोक्यावरून पदर, मागे तुमचा कणग्यांचा कोपरा. तुम्ही माझ्याकडे न बघता पोपटाकडे बघत होतात. एडनाला काय ठाऊक! ती आनंदानं म्हणाली की, पुस्तिका छापायला द्यायचीय, भारतातल्या दोघींची म्हण तेवढी राहिलीय, त्यांनी आता वेगळ्या खोलीत बसून ती संपवावी. आणि तिनं बटण दाबलं. पडद्यावर आपण दोघीच उरलो.

मी मनात वाक्यं जुळवत होते. मराठीतली सगळी तयार होती, एकापेक्षा एक धारदार. आठवडाभर मी ती घासूनच ठेवली होती. पण नियम होता. आणि विहीणबाई, आपण दोघी नियमाच्या इतक्या पक्क्या की, आजूबाजूला कुणी नसतानाही मगर व्हायला आपल्यापैकी एकही तयार नव्हती. त्या भाषेत मी टोमणा शोधायला लागले आणि माझ्या ध्यानात आलं की, मला तो येत नाही. 'तुमच्या संस्कारांबद्दल मी काय बोलावं' हे एस्पेरांतोत कसं म्हणायचं ते मी शिकलेच नव्हते. मला खायचं, प्यायचं, झोपायचं, घर, मुलगा, मुलगी, चांगलं, वाईट, एवढंच येत होतं.

तुमच्याजवळही तेवढेच शब्द होते. तुम्ही पदर सारखा केलात आणि विचारलंत, "चू शी मांजास?"

ती जेवते का?

आठवडाभरात हे मला कुणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "मालमुल्ते." फारसं नाही. आणि मग मलाही विचारावंच लागलं, तो कसा आहे. तुम्ही म्हणालात, "ली ने दोर्मास." झोपत नाही.

एवढंच. तुमच्या तोंडून 'आमचा आमर तसा न्हाई' ऐकलं तेव्हा मी पेटून उठले होते. 'तो झोपत नाही' हे ऐकून मी टोमणा शोधायचा सोडून दिला. तो पोरगा आमच्याकडे आला की, ह्यांच्याबरोबर पहाटे उठून नदीवर जातो, आल्यावर माझ्या हातचे पोहे दोनदा मागून घेतो. तो झोपत नव्हता आणि मला ते माहीत नव्हतं.

तुम्ही शब्द गोळा करत होतात. तुमचे ओठ हलताना दिसत होते. मग एकदम मान वर करून, शाळेतल्या मुलीनं पाढा म्हणावा तसं तुम्ही म्हणालात, "मिआ फीलो एस्तास फिलाचो."

माझा मुलगा कार्टं आहे.

मी उत्तर दिलं ते दोनच शब्दांत. "आन्काऊ मिआ." माझंही.

कारण होतंच तसं. तिनं नवऱ्याला एकदाही 'का केलंस' असं विचारलं नव्हतं. तो तीन वर्षं रोपवाटिकेबद्दल बोलायचा तेव्हा ही मोबाईलमधून डोकं वर काढायची नाही, हे तिनंच मला सांगितलं होतं आणि मी ते सोयीनं बाजूला ठेवलं होतं. आपण एकमेकींकडे बघितलं आणि तुमचा तो हसण्याचा पहिला फुसका आवाज आला, कुकरची शिट्टी व्हायच्या आधी येतो तसा. मग आपण दोघी हसत सुटलो. हसता हसता डोळे पुसत होतो. एडनानं आपल्याला परत मंडळात घेतलं तेव्हा आपली तोंडं लाल झालेली होती. तिनं विचारलं, म्हण झाली का? तुम्ही म्हणालात, झाली. आणि तुमचंच भाषांतर वाचून दाखवलंत. त्या दिवशी मी 'जी'चा मुद्दा काढला नाही. ती माझी तुम्हाला दिलेली भेट समजा. पुढच्याच शनिवारी मी तो पुन्हा काढला, हेही खरं.

आपण मुलांना उपदेश केला नाही, हे आपलं शहाणपण. तुम्ही अमरला एवढंच सांगितलंत की केतकी जेवत नाही. मी केतकीला सांगितलं की अमर झोपत नाही. दोन दिवसांनी तो मोटारसायकलवरून सांगलीला आला, धुळीनं भरलेला. मी पोहे करायला घेतले तर केतकी म्हणाली, "थांब आई, आम्ही जरा घाटावर जाऊन येतो." दोघं कृष्णेच्या काठी जाऊन बसले ते दिवेलागणीला परतले. काय बोलले ते आपल्याला कधीच कळलं नाही. त्यानं माफी मागितली असावी. तिचेही डोळे सुजलेले होते. ठरलं ते असं की एक हंगाम रोपवाटिका करून बघायची, तिनं आठवड्यातले काही दिवस कोरेगावातून काम करायचं. तुम्ही वरच्या खोलीत तिच्यासाठी टेबल आणून ठेवलंत, आणि ती मीटिंगमध्ये असताना हौसाबाईंना अंगणात मोठ्यानं बोलू द्यायचा नाहीत. आता तो हंगाम कधीच मागे पडलाय. रोपं चांगली जातात. परवा मांडवात येणारे-जाणारे अमरच्या पाठीवर हात ठेवून बोलत होते आणि केतकी त्याच्या शेजारून हलली नाही.

तुम्हाला महाबळेश्वर आठवतं ना? जपानचे आजोबा खरंच आले. त्यांची मुलगी कामानिमित्त पुण्याला आली होती, तिच्याबरोबर. आपण दोघींनी त्यांना टॅक्सीनं महाबळेश्वरला नेलं. तुम्ही काठाची हिरवी साडी नेसलात, चांदणीच्या रंगाची म्हणून. स्ट्रॉबेरीच्या शेतावर ते वाकून प्रत्येक फळ बघत होते आणि तुम्ही अखंड बोलत होतात. शब्द अडला की हातवारे, हातवारे अडले की पुढे 'माल' लावून काहीतरी. त्यांना सगळं कळत होतं. शेतवाला थक्क होऊन बघत राहिला. शेवटी न राहवून त्यानं मला विचारलं की, ह्या मावशी कुठली भाषा बोलतात. मी तोंड उघडायच्या आत तुम्हीच त्याला म्हणालात, "बाबा, समद्या बाया सासरची न्हाईतर म्हायेरची भाषा बोलत्यात. ही तिसरी हाय. ही आमची आमी घेतली."

परतताना पसरणीच्या घाटात आजोबा झोपले, त्यांच्या मांडीवर स्ट्रॉबेरीची खोकी. तुम्ही खिडकीतून खाली वाईकडे बघत होतात. मला एकदम सांगावंसं वाटलं की, तुम्ही तो फोन केला नसता तर मी निवृत्तीनंतर घरात बसून जगाच्या चुका तपासत बसले असते. पण टॅक्सीवाला ऐकत होता. मी नुसतं म्हटलं, वारा फार आहे, काच वर घ्या. तुम्ही घेतलीत. ते सांगायचं राहिलंच. आता सांगते.

साताऱ्याच्या दवाखान्यात मी आले तेव्हा डॉक्टरांनी तुम्हाला बोलायला बंदी केली होती. नर्स सारखी दटावत होती. तुम्ही माझा हात धरलात आणि हळू आवाजात एस्पेरांतो सुरू केलंत. नर्स धावत आली तर तिला म्हणालात, "बाय, डाक्टरनं मराठी बोलायला बंदी केलीया." ती बिचारी गोंधळून निघून गेली. मी विचारलं, बरं वाटतंय का. तुम्ही म्हणालात, मी 'मालसाना', म्हणजे आजारी नव्हे, नुसती धडधाकट नाही एवढंच. त्या म्हातारीच्या शब्दासारखंच हे पण. नंतर थोडं थांबून पुस्तिकेचं काढलंत. ती कधीच छापून आली होती, तुमच्या उशाशीच होती. आपल्या म्हणीचं पान उघडून तुम्ही विचारलंत, आता तरी पटलं का? मी म्हटलं, नाही. तिथे 'जी'च हवं होतं. तुम्ही इतक्या समाधानानं उशीवर मान टेकलीत की, मी हो म्हटलं असतं तर तुम्हाला वाईट वाटलं असतं असं मला वाटलं.

अजूनही पटलेलं नाही, विहीणबाई. हे लिहून ठेवते.

आणि आता काल संध्याकाळचं. शनिवार होता. मंडळाला सांगायला हवं होतं. मी तेराव्यानंतर कोरेगावातच राहिले होते, म्हणून तुमच्याच कोपऱ्यात, कणग्यांजवळ बसले. अमर आणि केतकी मागे उभे होते. एडनानं माझ्या मागची जागा ओळखली आणि तिला काहीतरी कळलं असावं. तिनं पोपटावर कापड टाकलं.

मी बोलायला लागले आणि पहिल्याच शब्दाला अडले. तुम्हाला म्हणायचं काय? सासूला त्या भाषेत शब्द आहे, जावयाला आहे, सुनेला आहे. विहिणीला नाही. इतकी वर्षं आपण मंडळात एकमेकींना नावानं हाक मारली, कधी गरजच पडली नाही. मैत्रीण म्हणावं तर ते पुरत नव्हतं. 'माझ्या मुलीच्या नवऱ्याची आई' म्हणावं तर ते जनगणनेचा माणूस लिहून घेतो तसं. मी तुमच्याकडून शिकले होते तेच केलं. हाताशी होते ते दोन शब्द घेतले आणि जोडले. 'कुन' म्हणजे सोबत, 'पात्रीनो' म्हणजे आई. मी म्हटलं, माझी कुनपात्रीनो गेली.

जपानच्या आजोबांनी, माफी मागून, म्हटलं की हा शब्द त्यांना माहीत नाही. मी सांगितलं की, कोशात तो नाही. आमच्याकडे मुलगा आणि मुलगी लग्न करतात तेव्हा दोन अनोळखी बायका एकाच घराच्या दोन बाजूंनी आई होतात, त्यांच्यासाठी आमच्या भाषेत एक शब्द आहे, तो मी ह्या भाषेत आणते आहे. एडना म्हणाली की, त्यांच्या घरच्या भाषेतही असा शब्द आहे, आणि तिलाही एक आहे, पलीकडच्याच गल्लीत राहते, दोघी दोन वर्षं बोललेल्या नाहीत. आजोबा म्हणाले, त्यांच्याकडे नाही. त्यांनी तो लिहून घेतला. मग चष्मा वर करून, नवा शब्द नीट जमतोय का बघत, त्यांनी त्याचं एक वाक्य करून दाखवलं.

"वीआ कुनपात्रीनो बेले रीदिस."

तुमची कुनपात्रीनो सुंदर हसायची.

मग ते वाकले आणि बराच वेळ त्यांचं टक्कलच दिसत राहिलं. मागून अमरनं खाली वाकून विचारलं, "मामी, कुनपात्रीनो म्हंजी काय?"

"तुझी आई," मी म्हटलं. "माझी कोण होती ते."